टायरला फुटलेली लव

१४ नोव्हेंबर
गाडीमागे ओढायची आमची कॅरॅव्हॅन आज हिवाळ्यासाठी गोदामात उभी केली. बंद पडलेल्या वीटभट्टीचं आवार. वर पत्रा, तीन बाजू उघड्या. राखणदार अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला. म्हणे चाकांखाली फळ्या घाला, जमिनीला ओल असते. मी चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. भलेभले दुकानदार मला बघून तराजू पुसायला घ्यायचे. आणि मला ओल शिकवतोय हा! घातल्या नाहीत. घालणार होतो, पण आता त्याने सांगितल्यावर शक्यच नव्हतं.

त्याआधी वाटेत टायरवाल्याकडे हवा भरायला थांबलो, ती चूक झाली. हवा भरायची सोडून तो कॅरॅव्हॅनच्या चाकापाशी उकिडवा बसला आणि टायरवरचे चार आकडे वाचायला लागला. तेवीस-सोळा. म्हणजे म्हणे दोन हजार सोळा सालातला तेविसावा आठवडा. म्हणजे टायर नऊ वर्षांचे झाले. म्हणजे बदला.

मी त्याला नक्षी दाखवली. अजून बोटाचं पेर आत जातं इतकी खोल! त्यावर म्हणतो, साहेब, कॅरॅव्हॅनचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होऊन मरतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासायचे आणि सातव्या वर्षी, कितीही चांगले दिसले तरी, काढायचे.

विकणाराच सांगणार कधी काढायचे! असले मी रोज सकाळी नाश्त्याआधी तीन पकडायचो. २३१६ हा साधा साच्याचा नंबर आहे. शेंबडं पोर सांगेल.

संकल्प : टायर न बदलता आणखी दहा वर्षं वापरून दाखवणे.

१६ नोव्हेंबर
ही म्हणाली, टायरवाला सांगत होता की उन्हाच्या बाजूचं चाक झाकून ठेवा. ही त्याच्याशी कधी बोलली? म्हणे भाजी आणायला गेले होते, वाटेत भेटला. गाडीखाली जॅक लावून चाकांवरचा भार उतरवा, ते जमत नसेल तर महिन्यातून एकदा गाडी हातभर पुढे-मागे सरकवा, म्हणजे एकाच जागी दाबून टायर चपटा होत नाही. तेल-पॉलिश काही लावू नका. एवढं सगळं भाजीच्या वाटेवर.

हिला समजावलं की शास्त्र वेगळं आणि दुकानदारी वेगळी. ही ‘बरं’ म्हणाली. हिचं ‘बरं’ म्हणजे पटलं असं मी धरतो.

३० नोव्हेंबर
पद्धत शोधली. रबर का तडकतं? कोरडं पडतं म्हणून. कोरड्यावर इलाज काय? तेल. हिच्या शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेऊन गेलो आणि दोन्ही टायर चोळून काढले. आरशासारखे चमकायला लागले. राखणदार बघत उभा होता. शिकला असेल काहीतरी.

संकल्प : दर रविवारी तेल.

२५ जानेवारी
मधले रविवार थंडीमुळे गेले. तेल आत मुरायला वेळ द्यायलाच हवा, त्यामुळे एका अर्थी हे पद्धतीला धरूनच झालं.

२२ फेब्रुवारी, सकाळी १०
गोदामात गेलो. उन्हाच्या बाजूच्या टायरच्या अंगावर बारीक चिरा दिसतात. काही तितक्या बारीक नाहीत. एका चिरेत नख गेलं.

चिरा नव्हेत, सुरकुत्या. सुरकुत्या माझ्याही कपाळावर आहेत. मला कोणी बदलायला काढलेलं नाही.

दुपारी ३
हे वाक्य हिला ऐकवलं. ही बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत राहिली.

८ मार्च
हिने विचारलं, शिवणयंत्राचं तेल कुठे गेलं. मी म्हणालो, मोठ्या कामासाठी गेलं. ही म्हणाली, मेमध्ये समुद्रावर जायचं नक्की ना? तीन वर्षं नुसतं ठरतंय. मी म्हणालो, नक्की म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मग विचारलं, आणि टायर? मी म्हणालो, टायर माझ्यावर सोड. ही ‘बरं’ म्हणाली.

१९ एप्रिल
मुलीचा फोन. बाबा, पडद्याचा दांडा बसवायचाय, तुमच्यासारखं कोणाला जमत नाही. खरंच आहे ते. जावई संगणकावर जगातली काय वाटेल ती कामं करतो, पण भिंतीत खिळा ठोकायचा म्हटलं की त्याला घाम फुटतो. उद्या जातो. हिला चल म्हटलं, तर म्हणे माझी कामं आहेत, तुम्ही या जाऊन. कॅरॅव्हॅनची किल्ली ठेवून जा, आतले पडदे धुवायला काढते.

२३ एप्रिल
परत आलो. दांडा तासाभरात झाला असता, पण मुलीने नळाचं काम काढलं, मग दाराच्या कडीचं काढलं, मग माळ्यावरच्या पेट्या काढल्या. निघायचं म्हटलं की आणखी काहीतरी. माझी केवढी ओढ तिला! जावई मधूनमधून खोलीबाहेर जाऊन हसत होता. का, ते विचारलं नाही. त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा ठेवणं मी लग्नाच्या दुसऱ्या महिन्यातच सोडलं.

२५ एप्रिल, दुपारी १२
चमत्कार. दुसरा शब्द नाही.

गोदामात गेलो. दोन्ही टायर काळे कुळकुळीत. चिरा गेल्या. नख जात होतं ती चीर तर पार बुजली. चपटेपणा गेला. अंगावरची अक्षरंसुद्धा ठळक झालीत, काही तर आधी दिसतही नव्हती. वासही ताज्या रबराचा.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे टायरला लव फुटली आहे! केसांसारखे बारीक रबरी तंतू, सगळ्या अंगभर. रबर हा शेवटी झाडाचाच चीक. मुळात जीव आहे, खतपाणी मिळालं, फुटला. हे आजवर कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण पाच महिने धीर धरणारा माणूस कुणी भेटलाच नाही.

चार आकडे बघायला वाकलो नाही. साच्याचा नंबर काय बघायचा.

दुपारी १
राखणदाराला बोलावून दाखवलं. त्याने एकदा टायरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाला, ‘साहेब, वहिनींचा हात लागला की सगळं नवं होतं.’ मी म्हणालो, वहिनींनी फक्त पडदे धुतले. गाढवापुढे वाचली गीता.

चाकांखाली फळ्याही दिसल्या. त्यानेच घुसवल्या असणार, श्रेय लाटायला.

२७ एप्रिल
तेलाचा एक शेवटचा हात द्यावा म्हणून बाटली शोधली. कुठेच नाही. ही म्हणे, संपलं. मागच्या आठवड्यात अर्धी होती.

१२ मे
समुद्र! साडेपाच तास प्रवास. घाट चढलो, घाट उतरलो. गाडीमागे कॅरॅव्हॅन अशी गुळगुळीत चालली होती की मागे आहे हे विसरायला व्हावं. वाटेत तीनदा हिला म्हणालो, बघ, नऊ वर्षांचे टायर! तिन्ही वेळा ही खिडकीबाहेर बघत होती. पण खूश आहे. उतरल्याबरोबर चपला काढून पाण्यापर्यंत गेली आणि अर्धा तास तिथेच उभी राहिली. एवढी खूश मी हिला बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. टायरवाल्याचं ऐकलं असतं तर आम्ही आज घरी बसलो असतो, असं म्हणायला मागून गेलो, पण लाटेच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही.

१४ मे, सकाळी ११
शेजारच्या कॅरॅव्हॅनमध्ये एक दंतवैद्य आणि त्याची बायको. आठ महिन्यांचं बाळ. कॅरॅव्हॅन सासऱ्यांकडून मिळालेली आहे. दंतवैद्य सकाळपासून चाकाभोवती घुटमळत होता. शेवटी माझ्याकडे आला. टायरला चिरा दिसतात, उद्या घाट ओलांडायचाय, आज गावात जाऊन बदलून घ्यावेत का? दुसऱ्यांच्या दातांतली भोकं शोधणारा माणूस, स्वतःच्या चाकाच्या सुरकुतीला घाबरला!

संध्याकाळी पाचला या म्हटलं, प्रात्यक्षिकच दाखवतो. आणखी दोघा-तिघांनाही सांगितलंय.

१४ मे, संध्याकाळी ७
लिहायला बसलो आहे, पण लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो. खात्यात असताना पंचनामा मी कधी टाळला नाही.

पाच वाजता सहा माणसं जमली. मी टायर दाखवले. नऊ वर्षांचे. लव दाखवली. तेलाची पद्धत सांगितली. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, ते मी आश्चर्य समजलो. दंतवैद्याचा चेहरा एकदम सैल झाला. बायकोला म्हणाला, चला, गावात जायची दगदग वाचली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, खुशाल ओलांडा घाट.

तेवढ्यात ही आतून बाहेर आली. हाताला साबण तसाच. म्हणाली, ‘अहो, थांबा.’ मग माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, ‘यांचं ऐकू नका. हे टायर नऊ वर्षांचे नाहीत, तीन आठवड्यांचे आहेत. हे मुलीकडे गेले होते तेव्हा मी बदलून घेतले. तुम्ही आत्ताच गावात जा, दुकान उघडं असेल.’

दंतवैद्य वाकला. मोठ्याने वाचलं, शून्य-सहा-दोन-सहा. यंदाचा सहावा आठवडा. त्याची बायको हळूच म्हणाली, ते केस नव्या टायरला असतातच, साच्यातून येतात. एकजण हसला. मग लगेच थांबला. हसत राहिला असता तर बरं झालं असतं.

सगळे पांगल्यावर हिला विचारलं, मला का नाही सांगितलंस?

म्हणाली, ‘सांगितलं असतं तर बदलू दिले असतेत?’

मग इतके दिवस गप्प राहिलीस ती राहिलीस, आज चारचौघांत कशाला?

‘त्यांचं बाळ मागच्या सीटवर बसतं,’ म्हणाली. ‘तुमचं घरातल्या घरात होतं तोवर चाललं. कायमच चाललं असतं.’

आणि भांडी घासायला आत गेली.

१५ मे, सकाळी ९
दंतवैद्य नव्या टायरवर घाटाकडे निघून गेला. जाताना बाळाला घेऊन दोघं हिचा निरोप घ्यायला आले. बाळाच्या आईने हिचे दोन्ही हात धरून ठेवले होते. मी कॅरॅव्हॅनमध्ये पडद्याआड होतो. पडदे धुतलेले नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं.

१९ मे
घरी. चार दिवस शांतपणे विचार केला. सगळा दोष टायरवाल्याचा आहे. गिऱ्हाईक कोण, तर मी. आणि हा माझ्या गैरहजेरीत, माझ्या मालावर, मला न विचारता हात टाकतो? याला म्हणतात घरभेदीपणा. सहा वाक्यं तयार केली आहेत. पाठ केली आहेत. पाचवं विशेष जहाल आहे. उद्या त्याच्या दुकानात उभं राहून, गिऱ्हाइकांसमोर.

२० मे, सकाळी ११
गेलो. गाडी दारातच लावली. त्याने मला बघितलं आणि हातातलं काम टाकून हसत पुढे आला. त्याला वाटलं, मी आभार मानायला आलोय. फडक्याने स्टूल पुसून दिलं. म्हणाला, ‘साहेब, बरं झालं तुम्हाला कळलं. माझ्या जिवाला लागून राहिलं होतं. वहिनींनी बजावलं होतं, त्यांना सांगू नका, त्यांनी पाच महिने मन लावून तेल चोळलंय, वाईट वाटेल.’

पहिलं वाक्य आठवेना. पाचवं आठवलं, पण ते या माणसाला बोलण्यासारखं नव्हतं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, गाडीची हवा बघा जरा.

त्याने चारही चाकं बघितली. स्टेपनी काढून तीही बघितली. मग उठून हात पुसले आणि म्हणाला, ‘बरोबर आहे साहेब. वहिनी कालच गाडी आणून हवा भरून गेल्या.’