मीठ ठेवायची बाई

अल मनखूल, दुबई
मे २०१०

तीर्थस्वरूप वीणाताई,

प्रल्हादचा वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे अर्धाच). भावोजींनाही सांग. तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण गेल्या आठवड्यात अर्ध्या अल मनखूलने पुण्याला फोन करून ती विचारली असणार. आता जड काही उचलू नका, असंही तुला कुणीतरी सांगितल्याचं सुचित्राच्या कानावर आलं आहे. त्याचा खुलासा करायला हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तर त्याचं असं झालं. तुमच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आम्हाला येता आलं नाही, तेव्हा काहीतरी पाठवायचं होतं. सोनं नको, डिनर सेट नको, हे तू आधीच बजावलं होतंस. मग मला आपल्या मागच्या गल्लीतलं ते आर्मेनियन दुकान आठवलं. दर शुक्रवारी जेवणं झाली की तू आणि भावोजी, सुचित्रा आणि मी असे चौघं पाय मोकळे करायला निघायचो आणि तू त्या काचेसमोर थांबायचीस. आत चांदीच्या डाळिंबांची कानातली, हाताने विणलेले टेबलक्लॉथ, लाकडात कोरलेल्या पेट्या. भावोजी म्हणायचे, यल्ला, चला. तू म्हणायचीस, थांबा हो, नुसतं बघतेय. पुढे भावोजींचं जुमेरा लेक टॉवर्समधलं ऑफिस एका गुरुवारी बंदच झालं, तुम्ही सामान बांधलंत आणि आमचे शुक्रवार खलास झाले. हल्ली आम्ही जेवून सरळ आडवे होतो.

दुकान अजून आहे, पण अर्धंच. उरलेल्या जागेत एक मोबाईलवाला बसतो. मालकीणबाईंचं नाव आनाहित. मूळच्या बैरूतच्या, वयाने सत्तरीच्या, आणि हिंदी गिऱ्हाइकांकडून शिकलेल्या (माझ्यापेक्षा बरं बोलतात). मी सांगितलं, बहन का नया घर है. त्यांनी मला कानातल्यांकडे बघूही दिलं नाही. एक मातीची बाई काढून समोर ठेवली. डोक्याला रुमाल, दोन्ही हात कमरेवर आणि पोटाच्या मधोमध मोठं भोक. त्यात मीठ भरायचं, नव्या घराला हेच शोभतं, म्हणाल्या. किंमत त्यांनी दिरहममध्ये सांगितली, मी मनात तिचे रुपये केले आणि सवयीने निम्मी सांगितली. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी पूर्ण पैसे दिले. बाई अंमळ जाड आहे एवढंच मला दिसलं होतं. (चेहरा तुझ्या सासूबाईंसारखा वाटला. हे वाक्य भावोजींना वाचून दाखवू नकोस.)

कागद अपुरा पडल्याने बाई अर्धी बाहेर होती. लिफ्टमध्ये वासुदेवराव भेटले, आपल्या मंडळाचे खजिनदार. हे कुणासाठी, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "वीणाताईसाठी. त्यांच्याकडे आता नवीन..." आणि त्यांचा मजला आला. मी 'घर' म्हणणार होतो. त्यांनी बाईच्या पोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"या वयात?" ते म्हणाले.

मला वाटलं, गृहकर्जाबद्दल बोलतायत. दार बंद होता होता मी म्हटलं, "हो ना. पण भावोजी हिमतीचे आहेत."

घरी देवांशने कागद काढला आणि म्हणाला, "डॅड, शी इज प्रेग्नंट." तोवर फोन वाजायला लागलाच होता. सुचित्राने फोन करणाऱ्या मंडळातल्या दोघींना खरं सांगायचा प्रयत्न केला, पण हसू आवरेना, आणि तिला रडू येतंय असं समजून त्या आणखीच काळजीत पडल्या. शेजारच्या बानूने तुझ्यासाठी बदामाचा हलवा पाठवला. तो आम्ही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बाईला परत करायला गेलो. आनाहितबाईंनी तिला हातसुद्धा लावला नाही. तेव्हाच त्यांनी विचारलं, "वो शुक्रवारवाली लेडी किधर है? जो काच में अपना बाल ठीक करता था?" ताई, इतकी वर्षं मी समजत होतो तू डाळिंबं बघतेस. मी म्हटलं, गेली, पुण्याला. त्या बराच वेळ स्वच्छ काउंटर पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "लेनेवाला अभी भी आता है. देखनेवाला सब चला गया."

बाईला उचलून बाहेर आलो आणि काचेसमोर थांबलो. माझ्या डोक्यावर ठीक करण्यासारखं आता काही नाही, तरी थोडा वेळ उभा राहिलो.

मंडळातल्या लोकांना काय सांगायचं ते तूच ठरव. भावोजींना नमस्कार.

तुझा,
प्रल्हाद

ता. क. बाई टपालाने फुटेल. जूनमध्ये देवांश हातातल्या बॅगेतून घेऊन येईल.

ता. क. २ : आल्यावर तो चार वर्षं राहील. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळेलसं दिसतंय आणि सुचित्रा हॉस्टेलचं नाव काढू देत नाही. तुमची मागची खोली त्याला मिळेल का, एवढंच विचारायला मी हे पत्र लिहायला बसलो होतो. नाही म्हणालीस तरी बाई तुझीच. सुचित्रा म्हणते, ही सरळ सरळ लाच आहे.

ता. क. ३ : देवांशला काल हे सगळं सांगितलं. मग त्याने विचारलं, "आत्या ओरडेल?" वर्षभरात पहिल्यांदाच मराठीत. मी म्हटलं, रोज. तो म्हणाला, "देन ओके."