बुरूज क्रमांक सत्तावीस

शुक्रवार, ९ मे २०२५. सकाळ.
मी, कोंडू रघू आघाण, वय वर्षे चौऱ्याहत्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, राहणार सिद्धगडाच्या पायथ्याची वाडी, तालुका मुरबाड, सेवानिवृत्त वनमजूर, ही वही आजपासून लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणाचाही दबाव नाही.

कारण असे. मुलगा दीपेश वाशिंदला कारखान्यात आहे. पत्नी सकुबाई कार्तिकात वारल्यापासून मी वाटा विसरतो, म्हणून घर बंद करून मी त्याच्या फ्लॅटवर राहावे, असे त्याचे म्हणणे. फाल्गुनात मी एकदा भलत्याच पाड्यावर पोचलो, हे खरे. तेथे मी चौकशीसाठी गेलो होतो. कसली, ते स्मरत नाही.

बुधवारी तो येऊन निर्णय घेणार आहे. तत्पूर्वी त्याची शंका मी दूर करीन.

त्याच दिवशी, दुपार.
दीपेशची मुलगी मिताली, इयत्ता नववी, सुट्टीसाठी आली. येथे टॉवर नाही. ती ओट्यावर, मग आंब्यावर, मग पाण्याच्या टाकीवर चढली. आजोबा, नेट सोडा, एक कांडीपण येत नाय, कसे राहता तुमी, असे वरूनच ओरडली. मी चौऱ्याहत्तर वर्षे असाच राहतो, असे खालून कळविले.

शनिवार, १० मे.
मितालीने जिओकॅशिंग नावाचा प्रकार समजावून दिला. अनोळखी माणसे रानात डबा लपवितात. दुसरी अनोळखी माणसे फोनच्या आधारे तो शोधतात, आतील वहीत नाव व तारीख लिहितात आणि डबा होता तेथे ठेवतात. डब्यात मौल्यवान काय असते, असे विचारले. काही नसते. मग शोधतात का? मजा म्हणून. यावर मी बराच वेळ विचार केला.

असा एक डबा आमच्याच रानात आहे. वाशिंदला नेट असताना तिने खूण कागदावर उतरवून आणली आहे : "बुरूज २७. मागचा सपाट दगड."

वनाच्या हद्दीवर दगड रचून बुरूज केलेले असतात. दिवाळीनंतर त्यांना चुना मारणे आणि गेरूने नंबर घालणे, हे काम मी एकतीस वर्षे केले. एक ते चौसष्ट. सत्तावीस म्हणजे माझाच सत्तावीस.

ठराव : डबा मी काढून देईन. मितालीने ते वडिलांना सांगावे, म्हणजे फ्लॅटचा विषय संपला. तिला हे मान्य आहे. शोधाच्या वेळी फोन घरी राहील.

नेट नसले तरी चालते, उपग्रहावरून बाण दिसतो आणि अंतर कळते, असे ती म्हणाली. त्या बुरुजांना उपग्रहाने चुना मारलेला नाही, असे मी म्हणालो.

रविवार, ११ मे.
सकाळी सत्तावीसवर पोचलो. वाट चुकली नाही. दोन वळणे चुकली. नंबर माझ्या हातचा, थोडा पुसट. मागचा सपाट दगड उचलला. विंचू. शेजारचे दगड उचलले. काही नाही.

निष्कर्ष : डबा चोरीस गेला.

मिताली म्हणाली की बाण डोंगराच्या पलीकडच्या सोंडेवर दाखवतो, सहाशे मीटर. म्हणजे फोन तिच्या खिशात होता. शर्तीचा भंग. नोंद केली.

शेजारी नवशा करवंदे घेऊन चालला होता. कोंडूबा, डब्यात भाकर हाय का, नाय तं मी कशाला येऊ शोधाया, असे म्हणून तो एकटाच हसला.

सोमवार, १२ मे.
गुडघे. विश्रांती. चहा केला, सवयीने दोन कप. एक परत भांड्यात ओतला.

मंगळवार, १३ मे. पहाटे.
मिताली झोपली आहे. एकटाच निघत आहे. चोराने डबा फार दूर नेलेला नसावा. न्याहारीपर्यंत परत येईन.

त्याच दिवशी, दिवेलागण.
न्याहारीपर्यंत परतणे जमले नाही. हद्दीची पाहणी आवश्यक वाटली. पाहणी ओढ्यात संपली. हा ओढा पूर्वी येथे नव्हता. दगडावर बसलो. भूक, भीती वगैरे काही नव्हते. काहीच नव्हते. ऊन अंगावरून सरकत होते, ते पाहत होतो.

दुपारी नवशा आला. अरे कोंडूबा, अख्खी वाडी हाका मारते, नि तुमी हितं पाय धुता होय, असे म्हणाला. मी विश्रांती घेत आहे, असे सांगितले. त्याने माझा हात धरला. घर येईपर्यंत सोडला नाही.

मिताली मला शोधायला बाणाच्या दिशेने गेली होती. मी तेथे नव्हतो. तेथे एक बुरूज होता, त्यावर २७ होते, आणि मागच्या सपाट दगडाखाली डबा होता. तिने फोनमध्ये फोटो दाखविला. सात माझ्या हातचा आहे. शेपूट मीच तसे काढतो.

म्हणजे सत्तावीस दोनदा घातला गेला. म्हणजे बुरूज पासष्ट. एकतीस वर्षांत कोणी मोजले नाहीत.

बुधवार, १४ मे.
दीपेश आला. मितालीने चहाबरोबर सांगून टाकले, पप्पा, डबा आजोबांनीच काढला, एकदम फास्ट, मला तर दिसलाच नाय. डब्यातील वही तिने माझ्या नावासाठी घरी आणली होती, ती पुढे केली. तीत लिहिले होते : "शोधणारा : कोंडू रघू आघाण, १२ मे."

दीपेशने ती वाचली. मग म्हणाला, बाबा, असं असेल तर राहा इथंच, माझं काय म्हणणं नाय.

ठराव फळास आला होता. परंतु तारीख चुकीची होती. बारा तारखेस मी घरी होतो. लेखी नोंदीत तारीख चुकीची राहू देता येत नाही. मी पेन मागितले. मिताली म्हणाली, राहू द्या ना आजोबा. मी तारीख खोडली. एक खोडल्यावर बाकीचेही नीट करणे भाग पडले. लिहिले : "१३ मे. सदर डबा मिताली हिने शोधला. त्या वेळी मी हरवलो होतो." खाली सही केली.

दीपेशला ते वाचण्याचे कारण नव्हते. त्याने वाचले.

मिताली डबा जागेवर ठेवायला गेली. जाताना माझ्याशी बोलली नाही.

गुरुवार, १५ मे. सकाळ.
वाशिंदला जात आहे. पंधरा दिवसांसाठी. दीपेशने बोचक्यात घोंगडी आणि कानटोपी का बांधली, ते समजले नाही. मे महिना आहे. विचारले नाही.

कुलूप दीपेशने लावले. मी ओढून पाहिले. नीट लागले आहे.

समक्ष हजर :
दीपेश कोंडू आघाण, मुलगा.
मिताली दीपेश आघाण, नात. तिने माझी पिशवी धरली होती.
नवशा, शेजारी, दोन्ही बगलांत माझ्या कोंबड्या. सांभाळायला नेतो, असे म्हणाला. पावसाळ्यात एखादी कापली तर चालेल ना, असेही त्याने दीपेशला विचारले.