हस्तिदंती बुद्धिबळं

स्पृहा,

आजोबांची हस्तिदंती बुद्धिबळं विकून टाका, असं तू टोरांटोहून फोनवर सांगितलंस, म्हणून आज मंडईमागच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. दुकानदार हातही लावेना. म्हणाला, "काका, हस्तिदंत विकणं गुन्हा आहे. भेट देता येत नाही, परदेशी पाठवता येत नाही. मालकीचा सरकारी दाखला आहे ना? मग घरातच ठेवा. तुमच्या पश्चात मुलीला मिळेल."

मला बरंच वाटलं. तुझी आई गेल्यापासून तिच्या खेळ्याही मीच खेळतो. अजूनही तीच जिंकते.

हे पत्र टाकणार नाही. फोनवर एवढंच सांगेन की गिऱ्हाईक मिळालं नाही.

निघताना मात्र मुद्दाम विचारून घेतलं. मुलीनं समोर बसून एक डाव खेळायला कायद्याची हरकत नाही.

बाबा