बेटाजवळचा काळा पट्टा

कवरत्ती बेट,
१४ फेब्रुवारी १९८९

तीर्थरूप बाबांस, केशरचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. रोज भात खाऊन ज्वारीच्या भाकरीची आठवण येते, एवढंच दुःख. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का?

तुम्ही लिहिलंत, "कप्तानाच्या नादी लागू नको बाई, लय झालं. अर्ज माघारी घे." बाई संशोधनाच्या बोटीवर नको म्हणून त्याने पुढच्या फेरीतून माझं नाव काढलं, त्याविरुद्ध संस्थेकडे केलेला तो अर्ज. आधी कालचं ऐका.

या बेटाजवळ दोन प्रवाह मिळतात. आपला ओढा दुधना नदीत शिरतो तिथं काडीकचरा एका रेघेत जमतो, तसे इथे बारीक जीव जमतात आणि अंधार पडू लागला की खोलातून वर येतात. आम्ही पाण्यात आवाज सोडतो, त्याचा प्रतिध्वनी कागदावर उमटतो. काल दिवस मावळताना कागदावर काळा पट्टा दिसला.

कप्तान म्हणाला, "खडक आहे, बोट वळवा."

"खडक वर चढत नसतो. हा चढायलाय, बघा," मी म्हणाले. "जाळं सोडू द्या."

"आणि आपटलो तर?"

"तर मीही तुमच्यासोबतच बुडेन."

जाळ्यात कणीएवढे जीव वळवळत आले. कप्तानाने वाकून ते तळहातावर घेतले. आज मात्र म्हणतो, "काम चोख, पण पुढच्या फेरीला गडीच बरा."

अर्ज मी माघारी घेणार नाही, बाबा. मला उतरवायचं तर त्याने कारण स्वतःच्या सहीने लिहावं. भीती वाटते, पण उतरणार नाही. रागवा हवं तर, पत्र मात्र बंद करू नका.

तुमची लेक,
केशर