डावा कौल

गुरुदास,

आशीर्वाद मागाहून. डॉक्टरीणबाईंना तू परस्पर "ताईला औषध नको" सांगितलंस, ते मला आज त्यांच्याच तोंडून कळलं. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहावं लागतंय. सख्खो भाव मां रे तू?

माझ्या गाठीचा तुकडा घेऊन त्यांनी काचेच्या ताटलीत बारक्या गाठी वाढवल्या, कुळथाच्या दाण्याहून बारीक. प्रत्येकीवर वेगळं औषध घालून बघितलं. एकाच औषधाने गाठ मेली. मलाही तेच लागू पडेल असं बाई म्हणतात, खात्री मात्र देत नाहीत. आणि तू गावदेवीला कौल लावलास, तिने डावा दिला, नको म्हणून, झालं!

गाठीला विचारलं, देवीला विचारलं. माका इचारूक काय झाला होता तुका?

मी जेवते, झोपते, काळजी नको. नानांना पेज वेळेवर मिळते ना? त्यांना यातलं काही सांगू नकोस.

मंगळवारी मी औषध सुरू करणार, माझ्याच सहीने. देवी माझीपण आहे. ती मला उगाच नाही म्हणायची नाही. कौल लावताना तू तिला नेमकं काय विचारलंस? "ताईने औषध घ्यावं काय," की "ताईसाठी एवढा खर्च करावा काय"? सोमवारच्या आत खरं काय ते कळव.

आशीर्वाद त्यानंतर.

तुझी ताई,
सावित्री