मंद उजेडातला डाग

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात वाकता येत नाही, कंबर धरली आहे, पण पत्रात कोण बघतंय!) इकडे सगळे मजेत. तुमचा गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देत नाहीत असं आईकडून कळलं. त्यांचं ऐका, निदान त्या समोर असताना तरी.

तुमच्या पत्रात विचारपूस कमी आणि झाडाझडती जास्त होती. अंथरुणात पडून मोबाइलचा उजेड अगदी कमी केला की पडद्यावर मळकट ढग दिसतात, आणि पडदे बनवणाऱ्या कंपनीत सख्खा भाचा असताना हे कसं, असा तुमचा सवाल. मामा, ते ढग पुसायलाच मला इथे ठेवलंय. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा इवलासा दिवा असतो आणि त्याला वीज सोडणारा स्वतःचा नळ म्हणा ना. नळ पूर्ण सोडला की सगळे सारखेच वाहतात. थेंबथेंब सोडायला जा, की एकेकाचे गुण दिसतात: एक जरा फिरवताच गळतो, शेजारचा तेवढ्याने ढिम्म हलत नाही. (आमच्या खात्यातली माणसंही अशीच आहेत, पण ते असो.) म्हणून आमचं सर्किट चित्र उमटण्याआधी प्रत्येक नळाला विचारून घेतं, की बाबा रे, तू किती फिरवल्यावर सुटतोस? आणि तेवढं त्याला जास्तीचं देतं. मग मंद उजेडातही सगळे ठिपके गुण्यागोविंदाने नांदतात.

नांदतात की नाही हे अंधाऱ्या खोलीत बसून मी ठरवतो. हनुवटी स्टँडवर टेकवायची, नजर पडद्याच्या मधल्या खुणेवर खिळवायची आणि काही झालं तरी हलवायची नाही. हा नियम माझाच. नजर भटकली की बारीक डाग निसटतो, असं माझं ठाम मत. माझी सही झाल्याशिवाय एकही पडदा खोलीबाहेर जात नाही, त्यामुळे माझा तोराही बेताचा नाही, हे मामी सांगतीलच.

तर नवा पडदा आला आणि मला डाग दिसला. खाली, डाव्या बाजूला, फुंकर मारलेल्या काचेवर उमटतो तसा. मोजणीचा कॅमेरा सांभाळणारी आमची कॅमेरेवाली म्हणाली, सगळं सारखं आहे. मी म्हटलं, तुझ्या कॅमेऱ्याला अनुभव नाही. मग मोठ्या मॅडम स्वतः येऊन बसल्या. त्यांनाही काही दिसेना. (मीटिंगा करकरून डोळे थकले असतील, हे मी मनातच म्हटलं. एवढी अक्कल आहे.) मी अडून बसलो. सर्किट बदललं, नळांना विचारायला जास्त वेळ दिला. डाग तिथेच. पुन्हा बदललं, दिवा मिणमिणता ठेवण्याऐवजी चांगला पेटवायचा, पण क्षणाच्या बारक्या तुकड्यापुरता, म्हणजे डोळ्याला उजेड मंद वाटतो आणि नळालाही थेंबथेंब गळावं लागत नाही. युक्ती झकास, पण डाग हलेल तर शपथ!

आता खात्यात माझ्याशी कुणी धड बोलत नाही. कॅमेरेवाली चहाच्या वेळी मला पाहिलं की उठून जाते. मॅडमनी निक्षून सांगितलंय, सोमवारी सही कर, नाहीतर खोली दुसऱ्याच्या ताब्यात दे. मामा, हसत लिहितोय खरा, पण ही खोली गेली तर करू काय? मला दुसरं काही येत नाही. तरीही दिसतंय ते दिसत नाही असं कसं लिहू? मी मुळीच हटणार नाही. शेवटी भाचा कुणाचा!

मामींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

तुमचा,
हट्टी भाचा

ता. क. मोबाइलचा उजेड थोडा वाढवा, ढग जातील. हे आधीच सांगता आलं असतं, पण मग पत्र कसलं झालं असतं?

पुन्हा ता. क. पत्र पिशवीतच राहिलं, ते बरं झालं. आज कॅमेरेवालीने पडदा उलटा बसवला. (चुकून की मुद्दाम, सांगत नाही.) मी हनुवटी टेकवली आणि विजयी आवाजात ओरडलो, हा बघ, खाली डावीकडे! ती म्हणाली, पडदा उलटा आहे. म्हणजे डाग वर उजवीकडे जायला हवा होता. मी हनुवटी उचलून भिंतीकडे पाहिलं, डाग भिंतीवर. उजवा डोळा मिटला, डाग गायब. ती आधी खो खो हसली, मग उठून तिने खोलीतला दिवा लावला.

शेवटचं ता. क. सही करून टाकली. मॅडम म्हणतात, मंद उजेडात इतका एकसारखा पडदा आजवर या खोलीतून गेला नव्हता, आणि तो माझ्या हट्टामुळे झाला. आता खरं काम. गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. औषध घालणार आहेत, सोबत कुणीतरी आणा म्हणाले. मामा, तुम्ही याल का? मला भीती वाटतेय. आईला अजून बोललेलो नाही, तुम्हीही बोलू नका. आणि इतके दिवस काय करत होतात, असं डॉक्टर विचारतील, त्याचं उत्तर तुम्हीच द्या. सर्किट बदलत होतो, हे माझ्या तोंडून निघणार नाही.