सासऱ्यांच्या पिकअपचा फाळका

परतूर,
रविवार, सकाळी

आदरणीय साडूबंधू पप्पूराव यांना कचरूचा रामराम.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्हीही असालच. नंदाबाई स्टेटसला फोटो ठेवतात, त्यावरून तुमची तब्येत सुधारलेली दिसते (एसीत बसलं की भूक चांगली लागते म्हणतात, मला अनुभव नाही). गुडघ्याचं काय झालं ते कळवा. दैवशालेने तिच्या बहिणीला आठवण सांगितली आहे. पत्र अशासाठी की तुम्ही फोन स्पीकरवर घेता आणि दुकानात बसलेलं अर्धं भोकरदन ऐकतं. घरच्या ग्रुपवर लिहावं तर तिथे सासूबाई आहेत. त्या प्रत्येक मेसेजला जोडलेले हात टाकतात, त्यामुळे कुठलाही वाद पुढे सरकत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. माझा तुमच्यावर राग नाही. जळफळाट तर नाहीच. तो आहे असं दैवशाला म्हणते, पण ती तुमच्या बायकोची बहीण आहे, तेव्हा तिचं धरू नका.

मिसरूड फुटल्यापासून मी ब्रशने पाट्या रंगवत आलो. शाळा, खानावळी, बियाणांची दुकानं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. गेल्या दिवाळीला विनाइल कापायचं मशीन आणलं आणि ‘दैवशाला ग्राफिक्स’ सुरू केलं. गाड्यांना स्टिकर, दुकानांना पाट्या. वाटलं होतं की जिल्ह्यात नाही तरी निदान सासुरवाडीत हा धंदा करणारा मी एकटा असेन. हे समाधान संक्रांतीपर्यंत टिकलं. संक्रांतीला तुम्ही मोबाइलची दुरुस्ती बंद करून ‘नंदा डिजिटल’ उघडलं. माझं मशीन कापतं. तुमचं छापतं आणि मग कापतं. तुमच्याकडे धूळ नको म्हणून दारात चपला काढायच्या, गाडी बंद शेडमध्ये घ्यायची. माझ्याकडे गाडी लिंबाखाली लागते. वरून लिंबोळ्या पडतात. एखादी विनाइलखाली सापडली की गिऱ्हाईक त्यावर बोट ठेवून विचारतं, हे काय आहे. मी सांगतो, हवा आहे, उन्हाने बसेल. (ऊन आमच्याकडे भरपूर आहे. अजून एकही लिंबोळी बसलेली नाही.)

तुमच्या उद्घाटनाला मी नारळ आणला नव्हता, माझी ब्रशांची पेटी आणली होती. आता मशीन आलं, आम्हाला ब्रश कशाला, तुम्ही नवीन आहात तर राहू द्या, असं चारचौघांत मोठ्याने म्हणालो. त्यात थोडा टोमणा होता हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही त्या पेटीला काचेची चौकट केली, आत दिवा लावला आणि काउंटरच्या मागे टांगली. आता येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं आणि तुम्ही सांगता, आमच्या साडूभाऊंची कला आहे. इतकं चांगलं तुम्ही माझ्याविषयी बोलता हे मला परतूरपर्यंत कळतं, आणि त्या दिवशी जेवण जात नाही. माझे ब्रश एसीत आहेत आणि मी लिंबाखाली.

असो. मुख्य विषय आपल्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या पिकअपचा. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण तुम्ही तेव्हा धोंडे खाण्यात होता, म्हणून नीट क्रमाने लिहितो. धोंड्याच्या महिन्यात मामांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी पिंपळगावला जेवायला बोलावलं. हीच पहिली चूक. दोन जावई शेजारी बसवले की ताटांची तुलना होते. सासूबाईंनी तूप सारखंच वाढलं हे मी मान्य करतो. पण पंखा तुमच्याकडे वळवलेला होता. कपडे देताना तुमचं सफारीचं कापड वर होतं आणि माझं पिशवीत होतं. (नंतर पाहिलं, दोन्ही एकाच ठाणातलं निघालं. तरीही.) अंगणात मामांची नवी पिकअप उभी होती, पांढरी, कोरी, मिरची वाहायला घेतलेली. तिच्याकडे पाहत आपण दोघेही सावकाश जेवलो.

त्या गाडीचं मोल मी तुम्हाला सांगायला नको. मामा रोज मिरची घेऊन बाजार गाठतात. ज्याचं नाव त्या गाडीवर, त्याचं दुकान सगळ्या जिल्ह्यात. तसं पाहिलं तर ते दुकानापुरतंही नाही. पुंजाराम पाटलांनी आपली गाडी कोणत्या जावयाच्या हवाली केली, हे गावोगाव वाचलं जाणार. मी थोरला जावई आहे. आता मला विचारतात की धाकटे काय म्हणतात, त्यांचं जोरात आहे म्हणे.

मामांनी हात धुता धुता न्याय केला. ‘‘दोघं बी माझेच. एक बाजू ह्यांची, एक बाजू त्यांची. मागच्या फाळक्याचं मंग पाहू.’’ तेव्हा तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, ‘‘साडूभाऊ, तुम्ही थोरले. तुम्ही आधी घ्या.’’ सगळ्यांना तुमचं कौतुक वाटलं. मलाही वाटलं. मी ड्रायव्हरची बाजू घेतली. मालक जिथून चढतो ती मानाची बाजू, असं मी मनाशी धरलं होतं. गाडी रस्त्याच्या डाव्या अंगाला थांबते हे तुमच्या लक्षात तेव्हाच आलेलं होतं का, एवढं फक्त खरं सांगा.

कारण झालं ते असं. तुमची बाजू प्रत्येक हॉटेलाकडे, प्रत्येक पानटपरीकडे, प्रत्येक एसटी थांब्याकडे तोंड करून उभी राहते. माणसं चहा पीत निवांत वाचतात. माझी बाजू फक्त समोरून येणाऱ्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना दिसते, आणि त्या वेळी ते मामांना शिव्या देत असतात. त्यातून मामा खिडकीतून कोपर बाहेर टाकतात. तो कोपर बरोबर माझ्या मोबाइल नंबरवर येतो. मी नंबर खाली घेतला, तर मामा तंबाखू थुंकतात ती तिथे पडते. (याबद्दल मी सासूबाईंना सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘‘मी सुरवातीपासून सांगून राह्यले, तुमच्या स्टिकरसाठी आता ऐकतेत का?’’)

मागच्या आठवड्यात मी कामाचं निमित्त काढून भोकरदनला आलो होतो. तुमच्याकडे आलो नाही, घाई होती. बाजारापाशी मामांची गाडी उभी होती म्हणून समोर चहा घेतला. दुसराही घेतला. चहावाला तुमच्या बाजूवरच्या मिरचीच्या चित्राकडे पाहून म्हणाला, ‘‘ही मिरची पाहूनच ठसका लागायला.’’ मी म्हणालो, ती छापलेली आहे, फोटोची, हाताची नाही. तो म्हणाला, ‘‘मंग काय झालं? आपल्याला कुठं खायचीय.’’ त्याला हाताला धरून पलीकडे माझ्या बाजूला नेलं. त्याने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, ‘‘अन् इकडून भेंडी भरतेत का?’’ माझी मिरची एकरंगी हिरव्या विनाइलची आहे. तुमच्या मिरचीवर दवाचे थेंब आहेत. जून महिन्यात कोणत्या मिरचीवर दव असतं, हे मी त्याला विचारलं नाही, तुमचं नाव येईल म्हणून.

राहिला फाळका. खरी जागा तीच. मामा गाडी बैलाच्या चालीने चालवतात, ओव्हरटेक कुणाला करू देत नाहीत, त्यामुळे मागे कायम रांग लागलेली असते. त्या रांगेतल्या प्रत्येक माणसाला फाळका वाचण्याशिवाय दुसरं काम नसतं. तेव्हा मी शांतपणे विचार केला आणि असं ठरवलं की फाळक्याचा आग्रह मी सोडावा. तुम्ही घ्या. तुमचं मशीन मोठं आहे, तुमचं नाव होऊ द्या. नात्यापुढे फाळका काय आहे. मी थोरला आहे, थोरल्याने सोडायचं असतं. यावर उत्तर पाठवायची गरज नाही. मुलांना आशीर्वाद, नंदाबाईंना नमस्कार, गुडघ्याला शेक द्या.

आपला,
कचरू

ता. क. एक बारीक काम होतं. चौकटीतली पेटी तेवढी परत पाठवा. ब्रश बंद काचेत फार दिवस ठेवले तर केसांना कसर लागते, अधूनमधून ऊन द्यावं लागतं. ऊन देऊन परत करीन. मामांच्या गाडीत ठेवू नका, परतूरच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्या. गुरुवारच्या आत मिळाली तर बरं.

ता. क. दोन. तुम्ही गुरुवारच का म्हणून विचाराल आणि मग नंदाबाईंकडून काढून घ्याल, म्हणून मीच लिहितो. मामांचा फोन आला होता. म्हणाले, ‘‘फाळक्याला ते चिकटायचं काम नको बाबा. दिवसातून धा बार आपटतो, पोते घासतेत, आठ दिसांत निघून जाईन. ऑइलपेंटनं हातानं देवीचं नाव लिहून घ्यायचं. गुरुवारी गाडी मोकळी हाय.’’ हातानं म्हणाले. आपल्या दोघांत हाताने कोण लिहितं, हे मी मामांना विचारलं नाही आणि तुम्हालाही विचारत नाही. वर नात्याबद्दल जे लिहिलं ते तसंच राहू द्या, फक्त फाळका मी घेतो.

ता. क. तीन. पाकीट डकवणार इतक्यात दैवशालेने मोबाइल पुढे केला. नंदाबाईंनी फोटो पाठवला आहे. मामांनी तुम्हालाही तोच फोन केला म्हणे, आणि तुम्ही चौकटीची काच काढून माझ्या ब्रशाने जुन्या पत्र्यावर ‘रेणुका’ लिहून पाहताय. फोटो मोठा करून पाहिला. दैवशाला जेवायला हाक मारून गेली, तरी पाहत होतो. ‘रे’ बरा आहे. बरा म्हणजे चांगला आहे. ‘णु’चा उकार मात्र तुम्ही मध्ये थांबून काढला, तिथे गाठ आली आहे. उकार चपट्या ब्रशाने काढत नाहीत. पेटीच्या खालच्या कप्प्यात लांब केसांचा बारीक ब्रश आहे, तो तेलात बुडवून निथळायचा, श्वास धरायचा आणि एका ओढीत खाली आणायचा. सरावाला आठवडा लागतो, तुमच्या हाताला चार दिवस पुरतील.

हे मी का लिहिलं कळत नाही. खोडणार होतो, पण दुकानात आता खोडायला एकही ब्रश नाही.